लोखंड घेऊन चढायचा डोंगर

नागपूर सपाट आहे. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्सचा चढ आणि पन्नास किलोमीटरवरचा रामटेकचा गड, एवढ्यावर आमची उंचीची हौस भागते. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर वसलेले. तरीही इथे वाढलेल्या माणसाला डोंगर हा शब्द लहानपणापासून ओळखीचा असतो, कारण घरातले कोणी ना कोणी महादेवाला जाऊन आलेले असते. काशीला गेलो, त्र्यंबकेश्वराला गेलो असे गावाचे नाव घेऊन सांगावे लागते. नुसते ‘महादेवाला गेलो’ म्हटले की विदर्भात त्याचा अर्थ एकच: सातपुड्यात, पचमढीजवळ, चौरागडावर.

माझी आजी तीनदा गेली होती. देवळाबद्दल ती फारसे बोलत नसे. बोलायची ती दगडाबद्दल. “आपल्यासारखा काळा नाही रे तिथला दगड. विटेच्या रंगाचा आहे. हात फिरवला की बोटाला वाळू लागते.” ती वाळू तिने जशी चिमटीत धरून दाखवली होती ते मला अजून दिसते. आमच्या अंगणातली शिळा, पाटा, वरवंटा, विहिरीचे कडे, सगळे काळ्या दगडाचे. लाल, वाळूचा डोंगर ही कल्पनाच मला परदेशी वाटे.

यंदा डिसेंबरात माझा भाचा सुटीवर आला. तो दोन वर्षे ग्लासगोला शिकतो आहे आणि दर रविवारी तिथल्या मित्रांबरोबर डोंगर चढतो. स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांवरच्या डोंगरांना मन्रो म्हणतात. ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने १८९१ साली त्यांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ डोंगर आहेत आणि हजारो माणसे आयुष्यभर एकेक करून ते पुरे करत असतात. भाच्याचे बावीस झाले आहेत. त्यातला सर्वांत उंच बेन नेविस, १३४५ मीटर, हे त्याने अभिमानाने सांगितले. पचमढीच्या धूपगडाची उंची १३५० मीटर आहे, हे मला पाठ होते. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर आणि स्कॉटलंडचे सर्वोच्च शिखर यांच्यात पाच मीटरचा फरक, आणि तोही आपल्या बाजूने. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मामा, मी बेन नेविस चढलो आणि चौरागड पाहिला नाही. चला.”

नागपूरहून पचमढी अडीचशे किलोमीटर. सावनेर सोडले की थोड्याच वेळात मध्य प्रदेश लागतो, पण भाषा बदलत नाही. सौंसर, रामाकोना, पांढुर्णा हा सगळा पट्टा मराठी बोलणारा आणि संत्र्यांचा. आंबिया बहाराचा शेवटचा तोडा चालू होता. रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग आणि त्यांवर उन्हासाठी टाकलेली जुनी लुगडी. सौंसरच्या पुढे सिलेवानीचा घाट चढला की आपण छिंदवाड्याच्या पठारावर येतो. हवा लगेच कोरडी, गार होते. इथवर दगड आपलाच, काळा, सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांतून झालेला. परासियाच्या आसपास कोळशाच्या खाणी दिसू लागतात. कोळसा दिसला की समजावे, जमिनीच्या पोटातला जुना दगड वर येऊ लागला आहे. मग तामिया.

तामियाला थांबलेच पाहिजे. रस्त्यालगतचे विश्रामगृह कड्याच्या अगदी काठावर आहे. तिथून जमीन एकदम खाली जाते, खालून देनवा नदीचे खोरे धुक्यात सुरू होते आणि पलीकडे महादेवाचे डोंगर उभे राहतात. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला डोंगराची एक रीत माहीत असते: पायऱ्यापायऱ्यांचा उतार, कातळाचे आडवे पट्टे, वर सपाट माथा. इथे तसे नाही. महादेव डोंगराच्या कडा सरळ तोडलेल्या, मधे खोल चिरा, आणि एका बाजूला चौरागड गर्दीतून मान वर काढलेल्या माणसासारखा. भाच्याने बराच वेळ पाहिले आणि मोबाइलवर एक चित्र काढून दाखवले. स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला सुइल्वेन नावाचा डोंगर आहे, उंची अवघी ७३१ मीटर, पण ओसाड माळावर एकटा उभा असल्यामुळे माणसाची नजर त्यावरून हलत नाही. तोही लाल वालुकाश्माचा. फक्त त्याचा दगड जवळपास अब्ज वर्षांचा, आणि पचमढीचा अंदाजे चोवीस-पंचवीस कोटी वर्षांचा.

हे साम्य आमच्या आधी एका माणसाच्या मनात आले असावे. १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. पुढच्याच वर्षी कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा तरुण वनाधिकारी पचमढीच्या पठारावर आला आणि त्याने तिथे एक घर बांधले. रानगव्यांच्या नावाने ते ‘बायसन लॉज’ म्हणून ओळखले जाते आणि आज त्यात वनखात्याचे संग्रहालय आहे. फोर्सिथचे या प्रदेशावरचे पुस्तक १८७१ साली निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. पुस्तकाचे नाव ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’. हायलँड्स म्हटले की इंग्रज वाचकाला स्कॉटलंडच आठवणार. त्याने हा शब्द विचार करून निवडला असणार, असे तामियाच्या कठड्याला टेकून उभे राहिल्यावर मला तरी वाटले.

नागपूरच्या बाजूनेही एक स्कॉटिश धागा आहे आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. हिस्लॉप कॉलेजला ज्याचे नाव दिले तो स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या डन्स गावचा. धर्मप्रसारासाठी नागपूरला आला, शाळा काढली, आणि उरलेल्या वेळात हातोडी घेऊन टेकड्या फोडत फिरला. नागपूरच्या परिसरातला दगड, त्यातले पानांचे, माशांचे, किड्यांचे ठसे हे जगापुढे आणणाऱ्या पहिल्या माणसांपैकी तो एक. कामठीच्या वालुकाश्मात त्याला मिळालेल्या पानांचा आणि पचमढीच्या दगडाचा गोत एकच आहे. या थरांना पुढे ‘गोंडवाना’ हे नाव मिळाले आणि त्यावरून एका अख्ख्या प्राचीन खंडाला. १८६३ साली टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना तो पुरात बुडून गेला. गोंडांविषयीचे त्याचे कागद रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापले. त्यात लिंगोची कथा आहे: महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले आणि लिंगोने त्यांना सोडवले. म्हणजे ज्याला आम्ही पाया पडायला जातो तोच महादेव या डोंगरांच्या मूळ रहिवाशांच्या कथेत दाराला शिळा लावून बसलेला आहे. चौरागडाकडे जाताना हे लक्षात ठेवावे. आपण पाहुणे आहोत.

पचमढी गावाविषयी थोडक्यात सांगतो. १९५६ पर्यंत नागपूर आणि पचमढी एकाच राज्यात होते आणि उन्हाळ्यात सरकार नागपूरहून इथे मुक्कामाला येई. त्या काळातले बंगले, चर्च, लष्कराची छावणी अजून नीटनेटकी आहेत. ज्या पाच कोरीव लेण्यांवरून गावाला नाव मिळाले ती गावाच्या कडेला आहेत. धबधबे आहेत, हांडी खोहसारखी शंभरेक मीटर खोल घळ आहे. पर्यटक एवढ्यात फिरून परत जातात. आम्हाला पुढे जायचे होते.

पहाटे सहाला निघालो. थंडी इतकी की गवतावरचे दव पांढरे दिसत होते. पचमढीपासून महादेवाच्या गुहेपर्यंतचा रस्ता आठदहा किलोमीटरचा आणि गंमत म्हणजे उताराचा. डोंगर चढायला निघालेला माणूस आधी अर्धा तास खाली उतरत राहतो. दोन्ही बाजूंना साल. आमच्याकडच्या जंगलात साग असतो, पानगळीत उघडा पडणारा. साल तसा नाही. त्याची पाने गळतात आणि फुटतात ती जवळपास एकाच हंगामात, त्यामुळे झाड बोडके असे फारसे दिसत नाही. मध्य भारताच्या पूर्वेकडचे हे झाड पचमढीच्या वालुकाश्मावर बेटासारखे राहिले आहे. खाली काळा दगड सुरू झाला की साल संपतो आणि साग सुरू होतो. दगड बदलला की झाड बदलते, हे पुस्तकात वाचलेले मी एका वळणावर गाडीच्या काचेतून पाहिले.

बडा महादेवाच्या गुहेत छतातून पाणी ठिबकत असते. पायाखाली पाणी, वर अंधार, आणि दगड इतका गार की टेकलेला तळवा बधिर होतो. शेजारी गुप्त महादेव. ती गुहा म्हणजे डोंगराला गेलेली एक अरुंद भेग. आडवे होऊन, पोट आत घेऊन, एकामागे एक सरकत जावे लागते. मधे एका ठिकाणी माझी पाठ आणि छाती दोन्ही दगडाला लागली. तिथे थांबून हात फिरवला. बोटाला वाळू लागली. आजी गेल्याला तीस वर्षे झाली.

इथून चौरागडाची वाट सुरू होते. साडेतीन-चार किलोमीटरची असावी. आधी झाडीतून दगडगोट्यांची पायवाट, मग पायऱ्या, तेराशेच्या घरात. कोणी तेराशे वीस मोजतो, कोणी तेराशे ऐंशी. मी मोजल्या नाहीत. शिखर तेराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे धूपगडाहून थोडे कमी. पण धूपगडावर जीप जाते. इथे पायच.

पहिल्या अर्ध्या तासात मी डोंगराकडे पाहिलेच नाही, पायांकडे पाहत होतो. तरी दगड नजरेत भरत होता. वाटेच्या डाव्या हाताला उघडा पडलेला कातळ होता, दोन पुरुष उंच. जवळ जाऊन पाहिले तर तो एकसंध नव्हता. तिरप्या रेषा एकमेकींवर कललेल्या, जशी पुरानंतर नदीच्या पात्रात वाळू साचते तशीच. ही वाळू खरोखरच नद्यांनी आणून टाकलेली आहे. डायनोसॉर अजून यायचे होते त्या काळात इथून मोठ्या, उथळ, सतत पात्र बदलणाऱ्या नद्या वाहत होत्या. कातळात मधूनमधून गारगोट्या रुतलेल्या, काही वाटाण्याएवढ्या, काही लिंबाएवढ्या, सगळ्या गुळगुळीत, पाण्याने घासलेल्या. आणि त्या तिरप्या रेषांच्या अधूनमधून गर्द तांबडे, जवळजवळ काळे पडलेले पातळ पट्टे होते. ते लोहाचे. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यातले लोखंड तिथे साकळून बसले आहे. मऊ वाळू झिजून जाते आणि हे कठीण पट्टे जुन्या भिंतीतल्या विटांच्या कडांसारखे पुढे येतात. भाच्याने त्यावर नखाने टकटक केली. आवाज भांड्यासारखा आला.

वर फांद्यांत खळबळ झाली. शेकरू. नागपूरकडे जंगलात तो दिसणे दुर्मीळ, आणि तरी महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याचे चित्र असते. मांजराएवढा प्राणी, पाठ गडद तपकिरी, पोट पिवळसर, आणि शेपूट धडाहून लांब. तो फांदीवर मागच्या पायांनी लटकला आणि पुढच्या दोन्ही हातांनी एक फळ फिरवत, सोलत खात राहिला. साल खाली आमच्या पायाशी पडत होती. पाच मिनिटे आम्ही हललो नाही.

पायऱ्या सुरू झाल्यावर दर पन्नास-साठ पायऱ्यांना माणूस थांबतोच. अशाच एका थांब्यावर ती भेटली. नरखेडकडची, पासष्टीच्या पुढची, नऊवारीचा काचा मारलेला, पायात प्लास्टिकच्या चपला, आणि खांद्यावर तिच्या उंचीचा त्रिशूळ. बरोबर मुलगा होता, त्याच्या हातात नुसती पिशवी. शिवरात्रीला अजून दोन महिने होते. मी विचारले, “माय, आता कशा आल्या? यात्रा तर शिवरात्रीले असते.”

“शिवरात्रीले गर्दी राह्यते बापू. मले रेटारेटी सोसत नाही आता. देवाले काय, आज काय न उद्या काय.” तिने जागा करून दिली. “बसा न जी, दम घ्या.”

त्रिशूळ मुलाने का घेतला नाही, असे भाच्याने विचारले. ती हसली. “बोलली मी होती, थो कसा आणीन?” नातू दोन वर्षांचा होईपर्यंत उभा राहत नव्हता. तो चालू लागला तर महादेवाला तिरसूल वाहीन, असे ती बोलली होती. गावातल्या लोहाराकडून करून घेतला. मी उचलून पाहिला. सात-आठ किलो सहज भरला असता. खांद्यावर तिने पाण्याची गुंडी डोक्यावर घेताना ठेवतात ती कापडाची चुंबळ उभी दुमडून दोरीने काखेत बांधली होती आणि लोखंड त्यावर टेकत होते. पन्नास वर्षे डोक्यावर पाणी वाहिलेल्या बाईची युक्ती. भाच्याच्या पाठीवरची सॅक ग्लासगोहून आणलेली, पट्ट्यांना मऊ गादी लावलेली. त्याने दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिल्या.

आम्ही बरोबरच चढू लागलो. तिची गती आमच्याहून कमी होती, पण ती बसत नव्हती. एक पायरी, त्रिशूळाचा दांडा टेकवल्याचा ठण्ण आवाज, दुसरी पायरी. पुढची चारशे-पाचशे पावले मी त्या आवाजावर चढलो.

शेवटच्या वळणावर झाडे संपतात. वारा एकदम अंगावर येतो. आणि मग पायऱ्यांच्या दोन्ही कडांना, कठड्याला टेकलेले, जमिनीत रोवलेले, एकमेकांवर रचलेले त्रिशूळ दिसू लागतात. शंभर, हजार, मग मोजण्याचा विचारच सुटतो. बोटाएवढे आहेत, आणि दहा-वीस माणसांनी खांद्यावर वाहून आणावे लागतील असेही आहेत. काहींवर गावांची नावे पांढऱ्या रंगाने लिहिलेली: विदर्भातली, बैतूलची, छिंदवाड्याची. नवे निळसर चकाकतात, जुने गंजून डोंगराच्याच रंगाचे होतात. काही इतके जुने की खालचा दांडा पापुद्र्यांनी सुटून मातीत मिसळला आहे. चौरा नावाच्या साधूने इथे तप केले, महादेव प्रसन्न झाला आणि आपला त्रिशूळ इथेच ठेवून गेला, म्हणून भक्ताने इथे त्रिशूळ वाहायचा, अशी कथा सांगतात.

भाचा म्हणाला, स्कॉटलंडमध्ये जवळजवळ प्रत्येक शिखरावर दगडांचा ढीग असतो. चढणारा प्रत्येक जण खालून किंवा वाटेतून एक दगड उचलून त्यावर ठेवतो. केर्न म्हणतात त्याला. धुके इतके असते की शिखर आले हे ढिगावरूनच कळते. “पण तिथे दगड मुठीएवढा असतो, मामा.” तो त्या मोठ्या त्रिशूळांकडे पाहत बोलत होता. “आणि तिथे घरून कोणी आणत नाही.”

मला हाच फरक महत्त्वाचा वाटतो. गिर्यारोहणाची शिकवण अशी की ओझे जितके कमी तितका माणूस डोंगर अधिक चांगला पाहतो, आणि ती खरीच आहे. पण विदर्भाच्या सपाट, काळ्या मातीतून आलेल्या शेतकऱ्याने या डोंगरावर येण्याची जी रीत घातली ती उलट आहे. घरचे जड लोखंड घेऊन निघायचे. जुन्नारदेवजवळ ‘पहिली पायरी’ नावाचे ठाणे आहे, डोंगर दिसूही लागत नाही इतक्या लांब. पायी येणाऱ्यांची चढण तिथून सुरू होते, पुढे भुरा भगताच्या ठाण्यावरून देनवेच्या खोऱ्यात. पायथ्याशी गाडी लावून चढलेला डोंगर आणि कित्येक कोसांपासून पायाखाली घेतलेला डोंगर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या रीतीत दगडाचा, मातीचा, झाडांचा बदल पायांना कळतो. आजीला भूगर्भशास्त्र माहीत नव्हते, पण काळा दगड कुठे संपतो हे तिला माहीत होते.

देवळापाशी पोचल्यावर नरखेडच्या माउलीने त्रिशूळ पुजाऱ्याकडे दिला नाही. स्वतः कड्याकडच्या बाजूला गेली, दोन गंजलेल्या त्रिशूळांच्या मधे जागा पाहिली आणि मुलाच्या मदतीने तो उभा केला. दांड्याला हळद-कुंकू लावले. मग चुंबळ सोडली, झटकली आणि डोक्याला बांधली. आता ऊन लागत होते.

माथ्यावरून काय दिसते ते सांगायला हवे. उत्तरेकडे धूपगडाची रांग. खाली खोल दऱ्यांचे जाळे, काही इतक्या अरुंद की दुपारशिवाय तळाला ऊन पोचत नसावे. त्या घळींत ओल वर्षभर टिकते, म्हणून पचमढीत नेच्यांच्या इतक्या जाती सापडतात, झाडासारखे उभे वाढणारे नेचेसुद्धा, की देशभरातले वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी सहलीला इथेच येतात. दक्षिणेला जमीन निळसर होत होत सपाट होत जाते. त्या निळ्यात कुठेतरी छिंदवाडा, त्याच्यापुढे आपले घर. समोरच्या कड्यावर गिधाडे घिरट्या घालत होती. गिधाडे इतकी दुर्मीळ झाल्यावर ती वरून, पाठीकडून, पंखांवर ऊन पडलेली पाहायला मिळणे हेच मला दर्शनाइतके मोलाचे वाटले.

हा सगळा प्रदेश आज सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो. राष्ट्रीय उद्यान १९८१ चे, आणि पचमढी जीवावरण क्षेत्र १९९९ साली जाहीर झाले. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने कोणालाही, जबाबदारीने वागला तर, जवळपास कुठल्याही डोंगरावर चालायचा हक्क आहे. भाच्याला ते फार आवडते आणि इथे परवानग्या, फाटके, ठरलेल्या वाटा पाहून तो थोडा हिरमुसला. मला मात्र इथले बंधन योग्य वाटते. तिथल्या डोंगरात लांडगे आणि अस्वले केव्हाच संपली. इथे वाघ आहे, रानगवा आहे, अस्वल आहे. जिथे ते राहतात तिथे माणसाने ठरलेल्या वाटेनेच चालावे.

इथल्याच दुसऱ्या यात्रेची, नागद्वाराची, वाट तर एरवी वर्षभर बंदच असते. नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस ती उघडते आणि तेव्हा ऐन पावसात, नागपूर-अमरावतीकडून लाखो माणसे येतात. पचमढीचा पाऊस नागपूरच्या जवळपास दुप्पट. धूपगडाजवळून उतरून, काजरी, पद्मशेषची गुहा असे टप्पे घेत, शेवाळलेल्या दगडांवरून, दोराला धरून लोक दिवस-रात्र चालतात. विदर्भातली मंडळे तिथे तंबू ठोकून चालणाऱ्यांना फुकट जेवू घालतात, डोक्यावरून तांदळाची पोती नेऊन. मी तरुणपणी एकदा गेलो आहे. पुढच्या माणसाच्या टाचेशिवाय काही दिसत नव्हते आणि तरी ती वाट माझ्या आठवणीत सर्वांत स्वच्छ आहे. त्या दहा दिवसांनंतर जंगलात राहणारे प्लास्टिक मात्र मला खुपते. जी माणसे सात किलो लोखंड वर नेऊ शकतात त्यांना रिकामी बाटली खाली आणणे अवघड नाही. महादेवाच्या यात्रेचे हे एकच काम आपल्या पिढीकडे बाकी आहे आणि ते व्हायला हवे.

जाणाऱ्यांसाठी एवढेच: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. पहाटे चढायला लागा, कारण वालुकाश्म दहानंतर तापतो. खाण्याची पिशवी हातात दिसू देऊ नका, माकडे हिसकावतात. आमच्या तिखटमिठाच्या पुऱ्या अशाच गेल्या. बूट खरखरीत तळाचे घाला, कारण पायऱ्यांवर गळून आलेली वाळू बारीक छर्‍यांसारखी घसरते. आणि उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा.

परतताना सौंसरला संत्री घ्यायला थांबलो. ढिगामागे एक वयस्क बाई बसली होती. कपाळावरचा अंगारा पाहून तिने विचारले, “महादेवाले गेल्ते काय?”

“हो.”

“वर चढले, का खालूनच आले?”

“वर,” भाचा म्हणाला.

तिने तराजू खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि उठून ढिगाला वळसा घालून पुढे आली. महादेवाहून आलेल्या माणसाच्या पाया पडायची आमच्याकडे रीत आहे, त्यात वय पाहत नाहीत. भाच्याला ते ठाऊक नव्हते. ती वाकू लागली तसा तो गडबडला आणि मग काय सुचले कोण जाणे, खाली बसून घाईघाईने बुटांच्या नाड्या सोडू लागला. बुटांतून लाल वाळू रस्त्यावर सांडली.